चेंडू आणायचा मान

चेंडू हातभर गेला. बूट गेला पार पलीकडच्या गोलखांबापर्यंत.

स्पर्धेचं उद्घाटन होतं. साहेबांनी चेंडूला पाय लावायचा, मग खेळ सुरू, अशी आमच्याकडची पद्धत. साहेब म्हणजे आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन. ऊस त्यांचा, पाटाचं पाणी त्यांचं, शाळा त्यांची, मैदान त्यांचं. मैदानावर पडणारं ऊनसुद्धा त्यांच्याच सातबाऱ्यावर चढवलेलं असणार, असं मला लहानपणी वाटायचं. त्या दिवशी धोतराखाली त्यांनी नवेकोरे पांढरे बूट घातले होते. नाडी सैल राहिली. लाथ बसली ती वाऱ्याला.

झाडून सारा तालुका जमलेला. पण कुणी हसेना. साहेबांचं काही हसण्यासारखं झालं तर आधी साहेब हसतात का ते बघायचं, हा आमच्याकडचा रिवाज. साहेब हसले. मग मैदान असं हसलं, की बेलापुरात वडावरची वटवाघळं भरदुपारी उडाली म्हणतात.

आणि माझा बाप पळाला.

माझा बाप म्हणजे याकोब. कारखान्याच्या टीमचा कप्तान. दंडावर कप्तानाची पट्टी. आधी बूट उचलला, मग मागं वळून चेंडू. चेंडू अंगातल्या जर्सीनं पुसला, मधल्या ठिपक्यावर ठेवला. मग गुडघे टेकले. साहेबांचा पाय मांडीवर घेतला आणि बूट चढवायला लागला. साहेब एका पायावर उभे. डुलले. पडता पडता त्यांनी माझ्या बापाचं डोकं धरलं.

फोटोवाला ओरडला, "वा वा! तसंच ऱ्हावा!"

ते तसेच राहिले. माझा बाप गुडघ्यावर, साहेबांचा हात त्याच्या डोक्यावर. माइकवर कारखान्याच्या शाळेचे पीटीचे गुरुजी होते. ते गरजले, "साहेबांचा वरदहस्त! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "याकोब्या, पाय तुजा; पर दावण आमची. ध्यानात ठिव."

दावणीला बैल बांधतात. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझा बाप हसला आणि म्हणाला, "व्हय साहेब."

मी आईजवळ बसलो होतो. दुसरीत-तिसरीत असेन. मला हात दिसत होता. आशीर्वादाचा हात पसरलेला असतो. हा आवळलेला होता. बोटं केसांत रुतली होती.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमचं घराणं थापाड्यांचं. अप्पा, म्हणजे माझा बाप, थापाडे; मी सवाई थापाडा. खरं बोलायची वेळ आली की आई बोलते, म्हणून ती फार कमी बोलते. वटवाघळांचं मी वाढवून सांगितलं. बोटांचं नाही.

अप्पांच्या डाव्या पायाच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या नसतील तर तुमचा जन्म वाया गेला. अप्पांनी मारलेला एक चेंडू पुणतांब्याला गोदावरीत जाऊन पडला आणि घाटावर धुणं धुणाऱ्या बाईनं शिव्या घालत तो बैलगाडीनं परत धाडला. एका गोलकीपरानं पेनल्टी अडवली, तर तो जाळीसकट मागच्या उसात गेला आणि तोडणीचा हंगाम येईपर्यंत सापडला नाही. काष्टीच्या बैलबाजारात एका दलालानं अप्पांची पिंढरी दाबून बघितली आणि रुमालाखाली हात घालून बोली लावली. ही शेवटची गोष्ट खरी आहे. अप्पा ती हसत हसत सांगायचे. दलालही हसतच होता.

कौतुक पायाचं व्हायचं. पाय ज्या माणसाला होता, त्याला घरात घेताना चहाचा कप वेगळा निघायचा. आमची वस्ती मिशनची. आज्यानं बाप्तिस्मा घेतला, त्या दिवसापासून त्यानं गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, सांगावा घेऊन पळायचं नाही. गावानं बोलावलं, तर आजा म्हणाला, "ज्याचं ढोर, त्यानं वढावं." मार खाल्ला. पण गेला नाही. पुढं मिशनच्या मैदानावर कुणा पाद्र्यानं फुटबॉल आणला आणि आमच्या वस्तीला कळलं, की देवानं आपल्याला पाय दिलेत ते दुसऱ्याच्या निरोपासाठी नाहीत.

वस्तीतल्या खेळाला एकच कायदा. मारंल त्यो आणंल. वेड्या बाभळीत चेंडू गेला, तर ज्यानं मारला त्यानं काटे खायचे. पाळकांच्या पोरानंसुद्धा. अप्पांनी हा कायदा मला चालायच्या आधी शिकवला असेल.

आणि तेच अप्पा कारखान्याच्या मैदानावर साहेबांचा चेंडू आणायचे.

त्याची सुरुवात अशी. पहिल्या वर्षी साहेबांनी पाय लावला, चेंडू भलतीकडं घरंगळला. अप्पा जवळ होते, पोरसवदा होते, पळत जाऊन घेऊन आले. त्या वर्षी आमच्या टीमनं कप मारला. झालं. साहेब म्हणाले, याकोब्याचा पायगुण. दुसऱ्या वर्षी कुणी दुसरा आणायला गेला, तर साहेबांनी त्याला थांबवलं. चेंडू याकोब्यानंच आणायचा. तो आणत नाही तोवर पंचांनी शिट्टी वाजवायची नाही. दर वर्षी साहेब मुद्दाम लांब मारायचे. गर्दी ओरडायची, "पळ याकोब्या, पळ!" पुढं सामना कोण जिंकलं ते लोक विसरायचे, पण याकोब्या कसा पळाला ते पारावर महिनाभर चालायचं.

अप्पा म्हणायचे, "मान हाय त्यो आपला."

त्या संध्याकाळी, बुटाच्या दिवशी, आईनं अप्पांच्या डोक्याला तेल लावलं. हळूहळू, एकाच जागी. मला त्यातलं काही उमगलं नाही.

फोटो पेपरात आला. मग चौकटीत बसून घरात आला. आमच्या भिंतीवर एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला साहेब. दोघांचेही हात पुढं. एकाच्या हाताला खिळ्याची खूण होती, एवढाच फरक. आल्यागेल्याला अप्पा फोटो दाखवायचे. त्यांच्या गोष्टीत पहिल्या वर्षी साहेबांनी नुसता हात ठेवला होता. दुसऱ्या वर्षी साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मॅट्रिकला गेलो तोवर साहेब म्हणाले होते, "याकोबा, तू माजा पाठचा भाऊ." बूट मात्र गोष्टीतून गायब झाला. फोटोत तो खाली दिसत होता. पण अप्पा अंगठा बरोबर त्याच्यावर ठेवून फोटो दाखवायचे.

मी खेळायला लागलो. दुसरं काय करणार? सुताराचं पोर रंध्याशी खेळतं.

पुण्याला ट्रायल दिली. कोचनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. म्हणाला, "याकोबचा का रे तू?" घेतला. पुढं मुंबईत खेळलो, मग गोव्यात, मग देशातल्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये. विमानात बसलो. हॉटेलात गादी एवढी मऊ, की पहिल्या दिवशी मी तिच्यात बुडालो आणि दोघांनी मला चादर लावून वर काढला. टीव्हीवर एकदा अख्खा दिसलो. पेपरात मात्र कधीच दिसलो नाही. मी गोल मारला की मथळा यायचा, 'याकोबपुत्राची कमाल'. मी पेनल्टी हुकवली की, 'बापाचा पाय मुलाला नाही'. म्हणूनच मी इथंही माझं नाव सांगत नाही. कुणी वापरलंच नाही, तर ते तुमच्या काय कामाचं?

खोटं कशाला बोलू, मी बरा होतो. थोर नव्हतो. अप्पा थोर होते. ते मोठ्या शहरातल्या क्लबात गेले असते, तर आज त्यांचा पुतळा असता. बोलावणी आली होती. पण साहेब म्हणाले, "कुटं जातो? हितं तुला काय कमी हाय?" आणि अप्पांना कारखान्याच्या गेटवर वॉचमन केलं. जिल्ह्यातला सगळ्यात वेगवान माणूस पुढची सारी वर्षं एका स्टुलावर बसून होता. आत येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांना वाट देत होता. वर्षातून एकदा चेंडूमागं पळत होता.

मी तिशी ओलांडली आणि घोट्याचं लिगामेंट तुटलं. क्लबनं करार वाढवला नाही. गाठोडं बांधून घरी आलो. मधल्या काळात साहेब वारले होते. काही वर्षं स्पर्धा बंद पडली होती. अप्पांचे दोन्ही गुडघे गेले होते. काठी घेऊन चालायचे.

साहेबांचे चिरंजीव आता चेअरमन. सगळे त्यांना भैयासाहेब म्हणतात. माझ्याच वयाचे. त्यांनी मैदानावर अकादमी काढायचं ठरवलं. हिरवं गवत, दिवे, पोरांना बूट. कोच हवा होता. मला निरोप आला.

मला ती नोकरी हवी होती. हे मोकळेपणानं सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मला फुटबॉलखेरीज काही येत नाही. आणि आमच्या वस्तीतली पोरं अजून वेड्या बाभळीत खेळतात. मी कोच झालो, तर ती त्या हिरव्या गवतावर येणार होती. मी मनातल्या मनात टीमसुद्धा पाडून ठेवली होती.

भैयासाहेबांनी चहा पाजला. कप सगळ्यांसारखाच होता. मला बरं वाटलं. किती लवकर बरं वाटतं आपल्याला!

"स्पर्धा परत चालू करतोय," ते म्हणाले. "रविवारी उद्घाटन. पाय मी लावणार. चेंडू तू आणायचा."

मी म्हणालो, "मी?"

"मग कोण? याकोब्याला आता पळवत न्हाई. बापाचा मान पोराकडंच जाणार ना? आमच्या वडलांची परंपरा हाय ती. लोकं वाट बघत्यात." मग हसून म्हणाले, "सोमवारी ये, कोचची ऑर्डर घेऊन जा. आदी रविवारी ये."

अप्पा भैयासाहेबांच्या बापापेक्षाही मोठे असते, तरी ते त्यांच्या तोंडी याकोब्याच राहिले असते.

घरी आलो. अप्पांना सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की भिंतीवरचे दोघंही फिके पडले. ट्रंकेतून आपली जुनी जर्सी काढली. आईला म्हणाले, "इस्त्री कर गं. आपल्या घरचा मान परत आला." मला म्हणाले, "पळताना मागं बगायचं न्हाई. आन् चेंडू पुसायचा इसरू नगं. बुटाला माती लागली तर साहेब लोकांना चालत न्हाई."

आईनं जर्सी हातात घेतली. तिला इस्त्री केली नाही. घडी घालून परत ट्रंकेत ठेवली.

मी रविवारी माझ्याच कपड्यांत गेलो. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. हेही खरं सांगतो. मी घरातून निघालो तेव्हा चेंडू आणायच्याच तयारीनं निघालो होतो.

मैदान गच्च. दोन्ही टीम रांगेत. फक्कीच्या ताज्या पांढऱ्या रेघा. मांडवात पहिल्या रांगेत पाहुणे, पार मागं टोकाला अप्पांची प्लास्टिकची खुर्ची. माइकवर तेच पीटीचे गुरुजी, आता म्हातारे. "आणि ज्या पायांनी या मातीला कीर्ती दिली, त्या याकोबचे चिरंजीव आज आपल्या वडिलांचा मान चालवणार आहेत!"

भैयासाहेबांनी लाथ मारली. बरी मारली. चेंडू तिरका गेला, रेघ ओलांडून कडेच्या पाण्याच्या चारीत पडला. चारीत साचलेला चिखल. चेंडू अर्धा बुडाला.

गर्दी ओरडली, "पळ याकोब्या, पळ!"

मला म्हणाले. मला. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं, असं नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. आरोळी तयार होती, फक्त पाय नवे हवे होते.

माझे पाय निघालेच होते. घोट्याला झटका बसला, कळ आली, थांबलो. त्या एका थांबण्यात मला सगळं दिसलं. आज्यानं मार खाऊन जी वेठ वेशीवर टाकली होती, ती चेंडूला गुंडाळून आमच्या घरात परत आली होती. अप्पांनी ती वाहिली. आता मी. मग माझी पोरं. आणि दर पिढीला कुणीतरी टाळ्या वाजवून सांगणार, की मान हाय तुमचा.

मी हाताची घडी घातली. उभा राहिलो.

"काय रं," भैयासाहेब हळूच म्हणाले, "पायाला मुंग्या आल्या का?"

मी म्हणालो, "मारंल त्यो आणंल."

"आँ?"

"आमच्या वस्तीतला कायदा हाय, भैयासाहेब. ज्यानं मारला, त्यानं आणायचा."

जवळची दोन पोरं हसली. मग त्यांनी भैयासाहेबांकडं बघितलं आणि तोंडं मिटली. माइक खरखरला आणि गप्प झाला. पंचाची शिट्टी तोंडातच. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "माजला रं ह्यो! गोव्याचं पाणी!" दुसरा म्हणाला, "अय, बापाकडनं शिक जरा!"

भैयासाहेबांचा चेहरा हलला नाही. ते एवढंच म्हणाले, "सोमवार इसर मग."

"इसरलो," मी म्हणालो.

इथं गोष्ट संपली असती, तर मी ती पारावर बसून मिशा पिळत सांगितली असती. वर चार वटवाघळं उडवली असती. पण मांडवाच्या टोकाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

अप्पा उठले होते.

काठी टेकत निघाले. चारीकडं. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. सारं मैदान बघत होतं. कुणी अडवलं नाही. कुणी म्हणालं नाही, राहू द्या हो. उलट मागून कुणीतरी हळू आवाजात सुरू केलं, "पळ याकोब्या..." आणि दोघाचौघांनी उचललं.

तेव्हा मी पळालो. तुटक्या घोट्यावर. चेंडूकडं नाही. अप्पांकडं. चारीच्या काठावर गाठलं आणि दंड धरला.

"सोड," अप्पा म्हणाले. "खेळ खोळंबलाय."

"खोळंबू द्या."

"सोड म्हंतो न्हवं! तुजी नोकरी गेली, आता माजं नाव बी घालवतो का?"

मला जे बोलायचं नव्हतं ते मी बोललो. इतकी वर्षं गिळलेलं. "अप्पा, फोटोतला त्यो हात आशीर्वादाचा न्हवता. मी बगितलंय. केस धरलं हुतं त्यांनी. पडू नये म्हनून धरलं हुतं."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी काहीतरी पोरकट बोललो असावं, तसं.

"मला ठाव न्हाई व्हय?" ते म्हणाले. "डोकं माजंच हुतं की."

मी दंड सोडला. त्यांना खाली उतरून चेंडू आणता आला असता. ते उतरले नाहीत. परतही फिरले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून चारीतल्या चेंडूकडं बघत उभे राहिले. मी शेजारी.

शेवटी पंचानं पिशवीतून दुसरा चेंडू काढला. शिट्टी वाजली. सामना सुरू झाला. एवढं सोपं होतं ते. इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं, कारण सुचायची गरज कुणाला नव्हती.

आम्ही दोघं पाटाच्या कडेनं घरी आलो. त्यानंतर अप्पा माझ्याशी फारसं बोललेच नाहीत. मी जिंकलो असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आमच्या घरी एक दिवस जेवायला यावं. नोकरी गेली. अकादमीवर बाहेरचा कोच आला. आमच्या वस्तीतल्या पोरांना गेटवर अडवतात. अप्पांच्या जागी नवा वॉचमन आहे, तोही आमच्याच वस्तीतला. गावात म्हणतात, याकोब्यानं घडवलं ते पोरानं बुडवलं. फोटो भिंतीवर तसाच आहे. कुणी पाहुणा आला की त्याच्याकडं बघतो, मग अप्पांकडं बघतो, गोष्टीची वाट बघतो. अप्पा गोष्ट सांगत नाहीत. जिल्ह्यातला सगळ्यात मोठा थापाड्या मी गप्प केला. त्याची भरपाई माझ्याकडं नाही.

पण एक झालं. एके संध्याकाळी आई तेलाची वाटी घेऊन अप्पांच्या मागं बसली, तेव्हा मी विचारलं, "आई, तुला बी ठाव हुतं?"

ती म्हणाली, "मूठभर केस निगालं हुतं हातात." आणि तेल लावत राहिली.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना, फोटोवाल्याला, गुरुजींना, अप्पांना, आईला. सारा तालुका मिळून एक थाप मारत होता आणि मी एकटाच स्वतःला थापाडा समजत होतो.

आता पाटाकडेच्या पडीक रानात मी पोरं खेळवतो. पोरी पण आहेत. गवत नाही, खडे आहेत. गोलखांब म्हणून बाभळीचे दोन ओंडके. पहिल्या दिवशी मी त्यांना पास शिकवला नाही, शूट शिकवला नाही. चेंडू लांब काट्यांत मारला आणि स्वतः आणायला गेलो. हातपाय ओरबाडून परत आलो. म्हणालो, हे पहिलं. बाकीचं उद्या.

मोठ्या स्पर्धेत आमची टीम जाणार आहे. त्याच मैदानावर, त्यांच्याच मांडवासमोर. पाय कुणी लावायचा तो लावू दे. चेंडू कुठंही जाऊ दे. आमची अकराच्या अकरा जागच्या जागी उभी राहतील. आरोळ्या मारा, माइक फोडा, गेटं बंद करा. मारणाऱ्यानं आणायचा. आणि त्याला लाज वाटत असेल, तर पडू दे तिथंच चारीत. कुजून फुटला तरी आमच्यातला एकही पाय त्याच्यामागं हलणार नाही.